दोन उन्हं जास्त

माझ्या भावाला तुम्ही ओळखत नाही, आणि ओळखावं असं त्याने काही केलेलंही नाही. एकनाथ राऊत, वय एकसष्ट, राहणार उमेळे. मी त्याची धाकटी बहीण सुनंदा. तुळिंजला दिलेली, पोस्टात बत्तीस वर्षं काउंटरवर बसून रिटायर झालेली, आणि तोंडाची फटकळ. हे शेवटचं मी नाही म्हणत, सगळं उमेळं म्हणतं. म्हणू दे. ज्या गोष्टीत सगळेच गोड बोलले आणि शेवटी माझ्या भावाचं वाटोळं झालं, ती गोष्ट सांगायला फटकळच माणूस लागतं.

आमची वाडी सव्वीस गुंठ्यांची. तीत राजेळी. बाकीची केळी म्हणजे नुसती केळी, पण राजेळी म्हणजे घरातली थोरली सून, तिचे नखरे वेगळे. चौदा चौदा महिने पाणी घाला, तेव्हा एक घड देणार, आणि त्यातही फण्या मोजून चार-पाच. पण तिची सुकेळी करून बघा! पिकलेलं केळं सोलायचं, बांबूच्या मांडवावर मांडायचं, सात उन्हं दाखवायची. वरून तांबूस, आतून मऊ, दाताखाली मधासारखं ओढतं. आमच्या लहानपणी पाहुणा आला की त्याच्या हातावर आधी सुकेळं पडायचं, मग पाणी.

सात उन्हं म्हणजे नुसतं सात दिवस उन्हात टाकून द्यायचं नाही हं. रोज संध्याकाळी केळी गोळा करायची, टोपलीत वाळलेल्या पानांवर थर लावायचे आणि वरून जुनी गोधडी घालायची. त्याला आमच्यात 'केळी निजवणं' म्हणतात. निजल्याशिवाय आतलं पाणी वर येत नाही. न निजवता वाळवलीत, तर वरून कातडं आणि आत लगदा. आमची आई निजवायची, तिच्यामागे प्रेमलता वहिनी निजवते. झालं की नाही ते ती अंगठ्याने दाबून बघते. दाबलेलं हळूहळू वर आलं की झालं.

तर ह्या वाडीच्या पश्चिमेला सात मजली बिल्डिंग उभी राहिली. तिचं नाव काहीतरी ग्रीन. दुपारी दोन वाजले की तिची सावली आमच्या मांडवावर. सात उन्हांची सुकेळी बारा-तेरा दिवसांवर गेली, आणि तेवढ्यात अर्ध्या केळ्यांना बुरशी. माझा भाचा प्रितेश अंधेरीला नोकरीला आहे, मुलगा वाईट नाही, हिशेबी आहे. तो म्हणाला, "बाबा, सावली वाढतच जाणार. बिल्डर अजून दारात येतोय, तोवर देऊन टाकू. उद्या तोही येणार नाही."

दादा म्हणाला, "मला तीन हंगाम दे. तिसऱ्या होळीपर्यंत ही वाडी राजेळीच्या जोरावर उभी राहिली, तर राहिली. नाही राहिली तर मी स्वतः सही करीन, तुला पुन्हा विचारायला लावणार नाही." मी तिथेच बसले होते. दादा शब्दाचा पक्का, म्हणजे बोलला ते करणारच.

पण दादाच्या डोक्यात काय होतं ते मला ठाऊक होतं. तो आयटीआयचा फिटर. गोखिवऱ्याच्या एका कंपनीत एकोणतीस वर्षं त्याने एकच काम केलं, औषधांची पावडर वाळवायची मशीनं बनवायची. ट्रे कसे ठेवायचे, गरम वारा कुठून घ्यायचा, कुठून सोडायचा, हे त्याला हाताने कळायचं. त्याने बनवलेली मशीनं पार आफ्रिकेला गेली. मग एक दिवस पलीकडच्या राज्याने कंपनीला जमीन दिली, करात सूट दिली, आणि कंपनी गाशा गुंडाळून गेली. दादाला म्हणाले, चला. दादा म्हणाला, केळीला पाणी कोण घालणार? मालक हसला म्हणे. हसणारच. त्याची मशीनं ट्रकमध्ये मावत होती, आमची वाडी मावत नव्हती.

तर दादाने गोखिवऱ्याला अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि केळ्यांसाठी मशीन बनवायला बसला. जुने ट्रे, जुना पंखा, छपरावर उन्हाने पाणी तापवायच्या नळ्या. पहिला घाणा बाहेर आला तेव्हा वहिनीने एक केळं उचललं, जमिनीवर आपटलं आणि म्हणाली, "अहो, ही पायात घालायची की खायची?"

दादा चिडला नाही. चिडायची कामं आमच्या घरात माझ्याकडे आहेत. तो वहिनीशेजारी मांडवाखाली आठवडाभर बसला. कधी गोळा करतेस, किती थर लावतेस, गोधडी कधी काढतेस, सगळं वहीत लिहिलं. मग त्याने मशीनला निजायला शिकवलं. सात तास वारा, मग पंखा बंद, झडपा बंद, आतल्या आत ऊब धरून केळी रात्रभर गप्प. सकाळी पुन्हा वारा. तीन दिवसांत सुकेळं तयार. वहिनीने अंगठ्याने दाबलं. वाट बघितली. दाबलेलं वर आलं. ती म्हणाली, "सासूबाई असत्या तर त्यांनीही खाल्लं असतं." आमच्या आईच्या जिभेला आयुष्यभर कुणी पुरं पडलं नव्हतं, म्हणजे बघा! दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवते कशाला?

पहिला हंगाम असा गेला. दुसऱ्या हंगामात मेघना मॅडम आल्या.

मेघना मॅडम सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. साध्या, पायांत सपाता, हातात वही. त्यांनी कुठूनतरी मशीनचं ऐकलं होतं. पंखा मधे बंद का ठेवता, असं विचारलं. दादाने सांगितलं, केळी निजतात. बाई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. म्हणाल्या, "अहो, ह्याला शास्त्रात टेम्परिंग म्हणतात! आम्ही भातासाठी हे पुस्तकात शिकलो. तुमच्या घरात हे कधीपासून आहे?" वहिनी म्हणाली, "गोधड्या आल्या तेव्हापासून असेल." मॅडमनी तेही लिहून घेतलं. बाई मनाच्या चांगल्या होत्या, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्यांचाही राग येणार आहे.

मॅडम म्हणाल्या, ह्याचा अभ्यास करू, पेपर लिहू, एखादी कंपनी मशीन बनवेल, सरकार अनुदान देईल, वसईत सगळीकडे सुकेळी होतील, राजेळीला भाव येईल. राजेळीला भाव! दादाला आणखी काय हवं होतं? त्यासाठी फक्त नमुने हवे होते, दोन किलो, लॅबला पाठवायला. लॅब कुठे? तर दूर दक्षिणेला, तिथे ओलावा मोजायचं चांगलं यंत्र आहे.

इथे मी माती खाल्ली.

बत्तीस वर्षं मी पार्सलं बघितली आहेत. लोक प्रेमाने खायचं पाठवतात आणि आठ दिवसांनी टेबलावर हिरवा बुरशीचा केर निघतो. आमच्या उमेळ्यात म्हणूनच रीत आहे, सुकेळी लांब जायची असली, लेकीला इंदूरला नाहीतर मुलाला दुबईला, तर त्यांना दोन उन्हं जास्त द्यायची. कडक होतात, पण वाटेत खराब होत नाहीत. तिकडे पोचली की माणसं वाफेवर धरतात, मऊ करून खातात. मी वहिनीला म्हटलं, "वहिनी, नमुना चालला हजार मैल. कडक करून दे. सरकारी पार्सल कुठे पडून राहील सांगता येत नाही. घराण्याचं नाव जाईल." वहिनी म्हणाली, "बरी आठवण केलीत वन्सं." आणि तिने दोन उन्हं जास्त दिली, निगुतीने, एकेक केळं पुसून. दादा त्या दिवशी गाळ्यावर होता. मॅडमनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पाहुण्याला चांगलं ते द्यायचं, त्यात सांगायचं काय?

नमुने गेले. खराब झाले नाहीत. अगदी उत्तम पोचले.

मग वसईत एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मागे मोठा फलक, 'विज्ञान, उद्योग, शासन: विकासाची त्रिसूत्री'. मेघना मॅडम बोलल्या, विभागाचे साहेब बोलले, आणि अल्पेशभाई बोलले. हे अल्पेशभाई गोखिवऱ्यातलेच, मोठा मशीन कारखाना, दादाच्या गाळ्याहून तीस पट. संस्थेने मशीनचं तंत्र त्यांना रीतसर करार करून दिलं होतं. दादाला का नाही? तर कराराला तीन वर्षांची मोठी उलाढाल लागते. दादाची उलाढाल म्हणजे अर्धा गाळा. दादाला वाईट वाटलं का? नाही! म्हणाला, "त्यांनी हजार बनवले तर राजेळी हजार वाड्यांत लागेल. मला काय मशीनं विकायचीत?" मशीनजवळ चौघांचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात तीनच आले. पेपरवाल्याचा कॉलम अरुंद असेल. मी फोन करून विचारणार होते, दादाने फोन काढून घेतला.

शासनाचा कागद आला पावसाळ्यात. सुकेळीला आता दर्जाचा शिक्का मिळणार. शिक्का असेल तरच महोत्सवात स्टॉल, शिक्का असेल तरच अनुदान, आणि मोठी दुकानंही तोच मागणार. अट एकच ठळक अक्षरांत: ओलावा शेकडा अठराच्या वर नको. आणि मशीनसाठी अट: एका दिवसात, म्हणजे चोवीस तासांत घाणा तयार झाला पाहिजे.

दादाने आपली सुकेळी मोजली. चोवीस निघाला. त्याला वाटलं, ओलावा मोजायचा काटा बिघडला. पुन्हा मोजली. चोवीस. मग त्याने नेहमीसारखा शर्टाच्या खिशात चष्मा घातला, मॅडमचा छापील पेपर घेतला आणि रिक्षा करून तुळिंजला माझ्याकडे आला. मी त्याला पेपर वाचून दाखवावा म्हणून, इंग्रजी होता. तक्ता तीन. 'पारंपरिक सुकेळी, राऊत कुटुंब, उमेळे. ओलावा साडेसोळा.'

"साडेसोळा?" दादा म्हणाला. "प्रेमलताची सुकेळी? कधी होती साडेसोळा?"

मी तारीख वाचली. आणि पुन्हा एकदा वाचली. मी म्हटलं, "दादा, ही लांब जायची सुकेळी आहेत." त्याला आधी कळलं नाही. मग सगळं सांगितलं. वहिनीचं काही नाही, मीच बोलले, मीच आगाऊपणा केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं. दादाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "अगं, चूक आहे ना, मग दुरुस्त होईल. त्यांना सांगू."

सांगू! काय भोळा माणूस आहे बघा.

आधी मेघना मॅडमकडे गेलो, मीही सोबत गेले. बाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "चूक माझी. रोज खाता तीच आहेत का, एवढं मी विचारायला हवं होतं." पण तो प्रकल्प संपला होता. त्यांना नाचणीवर टाकलं होतं. आकडा बदलायचा तर नव्याने दोन हंगामांचे नमुने, नवा निधी, नवा पेपर. "विभागाने पत्र दिलं, तर संस्था मला परवानगी देईल."

विभागाच्या साहेबांकडे गेलो. साहेब गोड बोलले, चहाही पाजला. "आम्ही शास्त्रज्ञ नाही हो. संस्थेने दिलेला आकडा आम्ही घेतला. संस्थेने लेखी कळवलं, की आम्ही लगेच विचार करू."

मी म्हटलं, "संस्था तुमच्या पत्राची वाट बघतेय आणि तुम्ही संस्थेच्या. मी पोस्टातली आहे, पत्र मीच नेऊन देऊ का?" साहेब हसले. सरकारी माणसाला राग येत नाही, हे त्यांच्याकडून शिकावं.

अल्पेशभाईंकडे दादा एकटा गेला. अल्पेशभाईंच्या मशीनमध्ये केळी निजत नव्हती. वारा सुरू, चोवीस तास सुरू. दादा म्हणाला, "अल्पेशभाई, निजवण काढून का टाकलीत? त्याच्यावर तर सगळं आहे. मॅडमच्या पेपरात पानभर लिहिलंय." अल्पेशभाई म्हणाले, "एकनाथभाई, पेपर मीपण वाचला. पण निजवलं तर तीन दिवस लागतात, आणि सरकार एक दिवस मागतं. आपल्याला मशीन विकायचंय, केळं नाही. सरकारने अट बदलली, मी बदलतो. पण आता साठ मशीनं गेलीत. साठ लोकांना काय सांगू, चुकलं?"

बघा आता. शास्त्र म्हणतं, सरकारने मागितलं तर करू. सरकार म्हणतं, शास्त्राने सांगितलं म्हणून केलं. उद्योग म्हणतो, दोघांनी ठरवलं तेच मी बनवतो. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसऱ्याचा, आणि तिघंही अगदी घट्ट उभे. कुणी खोटं बोललं? कुणी पैसे खाल्ले? नाही हो! तेच तर मला सहन होत नाही. चोर असता तर मी त्याच्या दारात जाऊन बोंब मारली असती. इथे बोंब मारायला दारच सापडेना.

अनुदानाची साठ मशीनं बायकांच्या बचत गटांना मिळाली. त्यातली एक मी तुळिंजलाच बघितली. पहिल्या महिन्यात केळी वाळवली, मग मिरच्या, मग त्यात साड्यांच्या पिशव्या. पण कागदावर साठ उद्योग उभे राहिले, आणि तेवढ्याने वसईचा विकास झाला म्हणून आणखी एक कार्यक्रम झाला. त्याला आम्हाला बोलावणं नव्हतं.

बोलावणं आलं ते महोत्सवाचं, तिथेच स्टॉलवर तपासून शिक्का देणार होते. वहिनीने हौसेने पाकिटं भरली, एकेक सुकेळं वाळल्या पानात गुंडाळून, सुतळीने बांधून. स्टॉलवर तपासणीची एक तरुण मुलगी आली, नाव तेजस्वी, छातीवर ओळखपत्र. तिने काटा टोचला, आकडा बघितला आणि म्हणाली, "आजी, हे सुकेळी म्हणून विकता येणार नाही. अर्धओली केळी म्हणून विका, मी लेबल देते." तिने खरंच लेबल दिलं. चांगलीच होती पोर, तिला वाटलं ती मदत करतेय.

वहिनी म्हणाली, "बाळ, ह्याला माझी सासू सुकेळं म्हणायची, तिची सासू सुकेळं म्हणायची."

"आजी, तुमचं बरोबर आहे. पण आता पारंपरिक सुकेळीचं ठरलंय ना. एका जुन्या कुटुंबाच्या सुकेळींवर अभ्यास करून ठरवलंय."

"कोणत्या कुटुंबाच्या?" मी विचारलं. मला ऐकायचंच होतं.

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. वहिनीने माझा हात धरला नसता तर मी त्या पोरीला तिथेच सांगितलं असतं. वहिनीने पाकिटं पिशवीत भरली आणि आम्ही घरी आलो. ते लेबल तिने एकाही पाकिटाला लावलं नाही. येताना रिक्षात ती फक्त एवढंच म्हणाली, "वन्सं, माझ्याच सुकेळ्याने मला खोटं पाडलं." मी तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

तिसरी होळी महिन्यावर आली. प्रितेशने एकदाही आठवण काढली नाही, हे त्याचं चांगलंपण. पण बिल्डरचा माणूस कुंपणापाशी उभा राहून फोनवर बोलायचा, तेवढं पुरे होतं. आणि तेवढ्यात मुंबईच्या एका मोठ्या सुक्यामेव्याच्या दुकानाचा निरोप आला. शिक्का असेल तर पुढची तीन वर्षं सगळा माल घेऊ. सगळा! वाडी वाचायला तेवढंच हवं होतं.

दादाने दोन दिवस वहीत हिशेब मांडला. तिसऱ्या दिवशी गाळ्यावर गेला आणि आपल्या मशीनमधली निजवण स्वतःच्या हाताने काढून टाकली. झडपा उतरवल्या, तारा कापल्या. चोवीस तास वारा. मी डबा घेऊन गेले होते, मी बघितलं. स्क्रू तो एकेक काढून डबीत ठेवत होता. एकोणतीस वर्षांचा फिटर तो. मी म्हटलं, "दादा, नको रे." तो म्हणाला, "वाडी राहू दे सुनंदा. निजवण पुन्हा बसवता येईल." मला ते पटलं. देवाशपथ पटलं. घरी खायला वहिनी मांडवावर करेल, दुकानाला कडक देऊ, काय बिघडलं?

त्याने नमुने पाठवले. दहा दिवसांनी कागद आले, होळीच्या चार दिवस आधी. रविवार होता, प्रितेश घरी होता, मीही गेले होते. दादाने पहिला कागद उघडून प्रितेशच्या हातात दिला. ओलावा सतरा. रंग समाधानकारक. चव वैशिष्ट्यपूर्ण. पारंपरिक सुकेळी, पात्र.

प्रितेश ओरडलाच, "बाबा! पास!" त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्याबद्दल वाटलेलं सगळं वाईट मी त्या क्षणी मागे घेतलं. पोरालाही वाडी हवीच होती. "मी त्या बिल्डरला आजच सांगतो, नाही म्हणून. आई, पेढे आण!"

"थांब," दादा म्हणाला. आणि त्याने दुसरा कागद काढला. "मी दोन नमुने पाठवले होते. हाही वाच."

प्रितेशने वाचला. ओलावा सतरा. रंग समाधानकारक. चव वैशिष्ट्यपूर्ण. पारंपरिक सुकेळी, पात्र. "सेमच आहे की. मग?"

"पहिली आपली राजेळी. दुसरी बाजारातली. मागे घाटावरून ट्रक आला होता, त्यातली उतरवून घेतली आणि आपल्याच मशीनमध्ये वाळवली. पोत्याच्या भावाने मिळतात." दादाने खिशातून दोन कडक केळी काढली आणि वहिनीच्या हातात ठेवली. "सांग, ह्यातली राजेळी कोणती."

वहिनीने दाबून बघितली. दोन्ही दबत नव्हती. वास घेतला. एक तुकडा तोडला, चावला, मग दुसऱ्याचा. खूप वेळ चावत राहिली. चाळीस वर्षं जिने ती केळी हाताखालून घातली, तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मला नाही कळत."

"मलाही कळलं नाही," दादा म्हणाला. "मग दुकानदाराला काय कळणार? आज आपल्याकडून घेईल. उद्या अल्पेशभाई ट्रकच्या केळ्यांची निम्म्या भावात देतील, शिक्का तोच. परवा दुकान विचारेल, तुमची महाग का? काय सांगू? चौदा महिने पाणी घातलंय म्हणून सांगू?"

प्रितेश चाचरत म्हणाला, "बाबा, पण ऑर्डर आहे ना. आपण करू काहीतरी. तुम्हाला हवं होतं ते झालंय ना आता?"

"मला राजेळी हवी होती रे," दादा म्हणाला. "ह्याला राजेळी लागतच नाही." आणि मग अगदी शांतपणे, जेवायला बस म्हणावं तसं, म्हणाला, "बोलाव त्याला. मी शब्द दिला होता."

मी रडले, ओरडले, माझ्या नावाने बोटं मोडली. म्हटलं, दादा, मला मार, पण असं करू नकोस, माझ्यामुळे झालंय हे. तो म्हणाला, "गप बस गं. तू पाहुण्यासाठी केलंस." त्याने मला माफ केलं आणि मी अजून स्वतःला केलेलं नाही, आणि त्या तिघांनाही नाही. त्यांना तर माहीतही नसेल, की कुणी माफ करायचं राहिलंय.

प्रितेशने अंगणात उभं राहून फोन लावला. सगळं ठरलं. वहिनी मांडवाला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सतरा घड लागलेत. ज्येष्ठात उतरतील. तेवढे उतरेपर्यंत थांबा म्हणावं."

प्रितेशने विचारलं, ऐकलं, फोनवर हात ठेवला. "आई, ते म्हणतात, पाडव्याला भूमिपूजन. मुहूर्त काढलाय त्यांनी."

वहिनी उठली, पदर खोचला आणि कोयता शोधायला आत गेली. पाडव्याच्या आधी सतराही घड कच्चेच उतरवले. त्या आठवड्यात उमेळ्यात घरोघरी कच्च्या केळ्यांची भाजी झाली. माझ्याकडेही दोन फण्या आल्या. मी भाजी केली, ताट वाढून घेतलं, आणि मला ती खाता आली नाही.